साठ ओहमचा हिशेब: पोकलेनच्या 'कम्युनिकेशन एरर'मागची गोष्ट

पोकलेन सुरू आहे, इंजिनाचा आवाज चोख आहे, आणि स्क्रीन मात्र सांगतो की इंजिनाशी संपर्क तुटला. आरपीएम चढत नाही, बूम, म्हणजे पुढचा लांब हात, जडावल्यासारखी उचलते. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या भागात पावसाळ्यात 'कोड आला', म्हणजे स्क्रीनवर दोषाचा क्रमांक आला, एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढचं कळतं. मग बहुतेक वेळा पहिली गोष्ट ठरते ती कंट्रोलर, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, बदलण्याची. नवा कंट्रोलर येतो, बसतो, आणि कोड तसाच राहतो. मशिनमालकाचे पैसे असे वाया गेलेले पाहिले की जीव तुटतो. हे का घडतं ते समजायला चाळीस वर्षं मागं जावं लागतं.

गोव्याचं लोहखनिज १९५० च्या दशकात जपानला जाऊ लागलं आणि खाणींवर यंत्रं वाढत गेली. 'पोकलेन' हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्दही मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. त्या पिढीच्या मशिनमध्ये फ्युएल पंप मेकॅनिकल, अॅक्सिलरेटरला केबल, आणि प्रत्येक दिव्याला, प्रत्येक सेन्सरला आपापली तार. दोष शोधायचा तो कानाने आणि हाताने. पंप कण्हतोय का, होज कुठे तापलाय, धूर काळा की पांढरा, एवढ्यावर मिस्त्री अचूक सांगत. ते ज्ञान आजही खोटं ठरलेलं नाही.

१९८५ मध्ये डेट्रॉइट डिझेलने ट्रकच्या इंजिनाला इलेक्ट्रॉनिक नियंत्रण दिलं, आणि अवजड डिझेल इंजिनांत कॉम्प्युटर शिरला. इंजिनाचा एक, गिअरबॉक्सचा दुसरा, पुढे हायड्रोलिकचा तिसरा. या सगळ्यांनी एकमेकांशी बोलायचं तर तारांचे जुडगे हाताच्या मनगटाएवढे झाले असते. मोटारगाड्यांत हीच अडचण आधीच आली होती. जर्मनीच्या बॉश कंपनीत १९८३ पासून त्यावर काम चाललं होतं. फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या अभियंत्यांच्या परिषदेत त्यांनी 'कॅन' ही पद्धत मांडली. पुढच्याच वर्षी तिच्या चिप बाजारात आल्या, १९९३ मध्ये आयएसओ ११८९८ हे मानक झालं. ट्रक आणि अवजड यंत्रांसाठी त्यावरच जे-१९३९ ही बोली बेतली गेली, सेकंदाला अडीच लाख बिट वेगाची.

या पद्धतीचं सगळं मर्म एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांत आहे. सगळे कंट्रोलर याच दोन तारांवर बोलतात. एक हाय, एक लो. लाइन शांत असताना दोन्ही अडीच व्होल्टच्या आसपास असतात. संदेश जाताना हाय साडेतीनपर्यंत चढते, लो दीडपर्यंत उतरते, आणि ऐकणारा फक्त दोघींतला फरक मोजतो. स्टार्टरचा किंवा अल्टरनेटरचा विजेचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो, म्हणून फरक तसाच राहतो. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा भाग; ओहम हे त्या अडथळ्याचं माप), म्हणजे संदेश टोकाला आपटून मागे फिरू नये. दोन्ही समांतर, म्हणून मीटरवर वाचन यायला हवं ६०.

आता हीच सामायिक वाट दुखणंही सामायिक करते. एका ठिकाणी तार घासून चेसिसला टेकली की तिच्यावरचे सगळेच मुके होऊ शकतात. एखाद्या कंट्रोलरचे पाठवलेले संदेश सारखे चुकू लागले, तर तो चुका मोजत जातो आणि मोजणी २५५ च्या पुढे गेली की स्वतःच लाइनवरून बाजूला होतो. इंजिन धडधडत असताना 'इंजिन बोलत नाही' असा कोड येतो तो असा. जे-१९३९ मध्ये दोषाचा प्रकार सांगणारा आकडा म्हणजे एफएमआय; एफएमआय ९ चा अर्थ एवढाच, की ठरलेल्या वेळात संदेश आला नाही. ज्याचा आवाज पोचला नाही त्याचं नाव कोडमध्ये येतं. आवाज कुठे अडला ते कोड सांगत नाही. कंट्रोलर उगाच बदलले जातात ते इथेच.

भारतात बांधकाम यंत्रांना धुराचे नियम २०११ मध्ये कडक झाले, एप्रिल २०२१ पासून आणखी कडक. प्रत्येक टप्प्याला सेन्सर वाढले. गोव्यात त्याच काळात खाणी दोनदा थांबल्या, २०१२ मध्ये आणि मार्च २०१८ मध्ये. मशिनं अनेक पावसाळे उघड्यावर उभी राहिली. इंजिन गंजायला वेळ लागतो, कनेक्टरच्या पिनला लागत नाही. नंतर रस्ते, पूल, मोपा विमानतळ यांच्या कामांनी तालुक्यातालुक्यांत यंत्रं हलली, आणि साठलेला ओलावा बोलू लागला.

पेडण्याच्या एका रस्त्याच्या कामावर ऑगस्टमध्ये पाहिलेलं सांगतो. ऑपरेटर म्हणाला, "काका, कंट्रोलर मागवूया ना?" वायरमन काकांनी आधी बॅटरी सोडवली. केबिनमधल्या नऊ पिनच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये 'सी' आणि 'डी' या पिनांना मीटरची टोकं लावली. वाचन आलं १२०. "एकाच बाजूचा रेझिस्टर दिसतोय, मध्ये कुठेतरी तुटलंय," ते म्हणाले. मग इंजिनाकडे जाणारा हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, वीतवीतभर हलवत निघाले, डोळे मीटरवर. केबिनच्या मागच्या ब्रॅकेटपाशी आकडा उडाला. कनेक्टर उघडला तर रबरी सील एका कडेला चिरलेलं, आत जांभ्याची लाल माती, आणि 'लो'च्या पिनवर शेवाळासारखी हिरवी पूड. पिन हलकेच ओढल्याबरोबर तार हातात आली.

नवी पिन, नवं सील, आणि तारांचा पीळ पहिल्यासारखा. तो पीळ सैल राहिला तर गोंगाट पुन्हा शिरतो, म्हणून काकांनी तो दोनदा तपासला. बॅटरी जोडण्याआधी मीटर परत लावला. ६०.