केळी : उत्पादनस्थैर्याचे मूल्यमापन

केळीच्या एखाद्या वाणाचे उत्पादन ठिकाण, लागणीचा हंगाम व पिकाची फेरी यांनुसार किती बदलते आणि त्या बदलाचा अंदाज कितपत बांधता येतो, हे तपासण्याची पद्धत. राजेळीसारख्या भाजीच्या केळीलाही ती लागू पडते.

पद्धतीचा उगम सहसा फिनले व विल्किन्सन यांच्या बार्लीवरील कामात (१९६३) मानतात. मात्र वाणाचे उत्पादन ठिकाणांच्या सरासरीवर आधारून पाहण्याची कल्पना येट्स व कॉक्रन यांनी १९३८ मध्येच मांडली होती. फिनले-विल्किन्सन यांच्या मते समाश्रयण गुणांक (ठिकाणाच्या सरासरीतील वाढीमागे वाणाचे उत्पादन किती वाढते ते दाखवणारा आकडा) एकाहून कमी असलेला वाण अधिक स्थिर. एबरहार्ट व रसेल (१९६६) यांनी गुणांक एकच्या आसपास व समाश्रयणापासूनचे विचलन (प्रत्यक्ष उत्पादन त्या रेषेपासून किती ढळते ते) शून्याजवळ, अशी दुहेरी कसोटी लावली. बागायती केळीला हीच अधिक सोयीची. कमी गुणांकाचा वाण चांगल्या पाण्या-खताचा मोबदला पुरेसा देत नाही. मात्र पर्यावरण निर्देशांक, म्हणजे ठिकाण किती अनुकूल ते दाखवणारा आकडा, चाचणीतल्याच वाणांच्या सरासरीवरून काढतात, त्यामुळे तो स्वतंत्र मोजमाप ठरत नाही, हा फ्रीमन व पर्किन्स (१९७१) यांचा आक्षेप केळीला विशेष लागू पडतो, कारण चाचणीत वाण थोडेच असतात.

मोजमाप घडाच्या वजनावर थांबवू नये. हेक्टरी ४,००० घड उतरले आणि सरासरी २४ किग्रॅ. भरली, तर ९६ टन होतात. पण पीक १५ महिन्यांचे असेल तर वार्षिक उत्पादन ७६.८ टनच. २० किग्रॅ.चे तेवढेच घड १२ महिन्यांत उतरले, तर ८० टन. वाऱ्याने मोडलेली व न निसवलेली (घड बाहेर न पडलेली) झाडे शून्य धरून हिशेबात घ्यावी लागतात. ती वगळली की कमकुवत वाणही स्थिर दिसतो. ५ × ५ झाडांच्या वाफ्यात कडेची ओळ सोडून आतली ९ झाडे मोजावीत. निर्यातीसाठी खालच्या फण्या काढून आठेकच ठेवतात, तेव्हा विरळणीचा नियम सर्व ठिकाणी एकच हवा.

सोलापूर जिल्ह्यात उजनी धरणाच्या जलाशयाला लागून असलेल्या करमाळा व माढा तालुक्यांत ठिबकवर जी-९ (ग्रँड नैन) हा वाण घेतात. येथे एकाच शिवारात दोन पर्यावरणे मिळतात : जून-जुलैच्या मृग बागेचे घड ४० अंशांपुढच्या उन्हात भरतात, तर पावसाळ्यानंतर लावलेल्या कांदे बागेची कोवळी रोपे थंडीत सापडून वाढ रेंगाळते. म्हणून लागणीचा महिना नोंदवल्याशिवाय करमाळ्याचे आकडे दुसऱ्या ठिकाणाशी ताडू नयेत. वळवाच्या वावटळीत भरल्या घडाची झाडे कोलमडतात; शेवरीचा आडोसा असलेल्या व नसलेल्या बागा वेगळ्या धराव्यात.

खोडव्याला (पहिल्या काढणीनंतर त्याच बेटातील मुनव्यांवर, म्हणजे बुंध्यालगतच्या फुटव्यांवर, घेतलेल्या पिकाला) स्वतंत्र पर्यावरण मानावे का, हा वाद आहे. तीच झाडांची बेटे पुन्हा मोजली जात असल्याने दोन फेऱ्यांतील त्रुटी परस्परसंबद्ध राहतात. त्या पुनरावृत्त मोजमापे म्हणून हाताळणे अधिक योग्य. शिवाय मुनवे एकाच वेळी राखले नाहीत, तर खोडव्याची निसवण विस्कळीत होऊन काढणी लांबते आणि हंगामाचा परिणाम वाणाच्या खाती पडतो.