४२५ म्हणजे नंदुरबार नव्हे

नंदुरबार जिल्ह्याची ओळख थोडक्यात उरकतो. सहा तालुके. उत्तरेला सातपुडा आणि त्यापलीकडे नर्मदा, दक्षिणेला तापीचं खोरं. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यात दहांतले जवळपास सात जण आदिवासी. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. गाडी अडते ती पत्त्याच्या शेवटच्या ओळीत, पिनकोडपाशी.

‘पिनकोडचा तिसरा अंक जिल्हा दाखवतो’ हे वाक्य स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये इतक्या वेळा छापून आलंय की लोक ते डोळे मिटून खरं मानतात. यातला ‘जिल्हा’ हा शब्दच फसवा आहे. पहिले तीन अंक मिळून जो दाखवतात तो टपाल खात्याचा वर्गीकरणाचा जिल्हा आहे, म्हणजे पत्रांच्या थैल्या कुठल्या गठ्ठ्यात टाकायच्या त्याची सोय. ज्या जिल्ह्याला कलेक्टर असतो, जिल्हा परिषद असते, सातबाऱ्यावर ज्याचं नाव येतं, तो महसुली जिल्हा वेगळा. दोघांच्या हद्दी कधी जुळतात, कधी अजिबात जुळत नाहीत. खानदेशात तर नाहीच जुळत.

नंदुरबार शहराचा पिन ४२५४१२, शहाद्याचा ४२५४०९, धडगावचा ४२५४१४. म्हणजे ४२५ नंदुरबारचा? मग जळगाव शहराचा ४२५००१ का? आणि शिरपूर, दोंडाईचा ही धुळे जिल्ह्यातली गावं, त्यांचे पिन ४२५४०५ आणि ४२५४०८. उलट धुळे शहराचा ४२४००१, पण ४२४ ने सुरू होणारी चाळीसगाव, पाचोरा, जामनेर ही गावं जळगाव जिल्ह्यातली. ज्या धुळ्याच्या पोटातून नंदुरबार निघाला त्या धुळे शहराशी त्याचे पहिले तीन आकडे जुळत नाहीत, जुळतात ते जळगावशी.

हे कोडं जिल्ह्यांच्या नकाशावर सुटत नाही, रेल्वेच्या नकाशावर सुटतं. पिनकोड लागू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी (तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवीही), आणि तेव्हा टपाल मुख्यतः रेल्वेने फिरायचं. भुसावळ–सुरत ही तापी खोऱ्यातली लाइन धरा. जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार हे सगळे ४२५ वाले, एका माळेत ओवल्यासारखे. अमळनेर ४२५४०१, तिथून पश्चिमेला निघालं की आकडे चढत जातात. आता भुसावळहून मनमाडकडे जाणारी लाइन धरा. जळगाव सोडलं की पाचोरा, चाळीसगाव, आणि चाळीसगावहून फाटा धुळ्याला. हे ४२४. जामनेर या गटात कसं, तर पाचोऱ्याहून जामनेरला नॅरोगेज जायची म्हणून. सगळ्याच गावांना हा हिशेब लागू पडतो असं नाही, शिरपूरला कुठे रेल्वे आहे? पण जिल्ह्याच्या हद्दीपेक्षा रूळ जास्त उत्तरं देतात.

पुढे १९९८ ला सरकारने जिल्हा तोडला, गाड्यांना एमएच-३९ ही नवी पाटी आली. पिनकोड मात्र जागेवरून हलला नाही, आणि हलायचं कारणही नव्हतं, कारण तो जिल्ह्याचा कधी नव्हताच. मला वाटतं लोकांच्या डोक्यातला गोंधळ या गाडीच्या पाटीनेच पक्का केलाय. एमएच-१८ धुळे, एमएच-१९ जळगाव, एमएच-३९ नंदुरबार, असं तिथे सरळ असतं, मग पिनकोडही तसाच असेल असं गृहीत धरलं जातं. वर आणखी एक गंमत: नंदुरबारची टपाल कार्यालयं कारभारासाठी धुळे डाक विभागात मोडतात. म्हणजे आकडे जळगावचे, कारभार धुळ्याचा, कलेक्टर नंदुरबारचा.

याचा त्रास फॉर्म भरताना होतो. पिन टाकला की जिल्हा आपोआप भरणारे फॉर्म मला मनापासून आवडत नाहीत. मागे एका फॉर्मने शहाद्याच्या पिनपुढे ‘धुळे’ ठोकून दिलं आणि तो रकाना बदलूच देईना. खिडकीवरचे साहेब म्हणाले, ‘सिस्टीममध्ये तेच येतं.’ आधारचा देशातला पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला तो याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, आणि जिल्ह्याच्या नावाची ही कथा! अशा वेळी रकाना हाताने दुरुस्त करता येत असेल तर तो करावाच. महसुली जिल्हा खरा, पिनवरून काढलेला अंदाज खोटा.

दुसरी चूक ‘मु. पो.’ची. मु. पो. म्हणजे मुक्काम आणि पोस्ट एकच. नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातल्या डोंगरात गाव म्हणजे एका चौकाभोवतीची घरं नसतात, पाडे असतात, प्रत्येक घर आपापल्या शेतात. दर पाड्याला पोस्ट कुठून असणार? काही गावांना मिळून एक शाखा डाकघर, आणि अशा अनेक शाखांना मिळून वरच्या डाकघराचा एकच पिन. म्हणून पिनवरून गावही ठरत नाही. पोस्ट नसलेल्या पाड्यापुढे ‘मु. पो.’ लिहिलं तर पत्र नसलेल्या पोस्टाच्या शोधात फिरतं. पाडा ‘मु.’ मध्ये लिहा, शाखा डाकघराचं गाव ‘पो.’ मध्ये, आणि तालुका वेगळा.

बाकीचं किरकोळ. तालुक्याचं नाव अक्राणी, मुख्यालय धडगाव, दोन्ही बरोबर. ‘पिन नंबर’ म्हणू नका, पिन म्हणजे पोस्टल इंडेक्स नंबर, त्यातला शेवटचा न म्हणजेच नंबर. जनगणनेचा गाव-क्रमांकही सहा आकडी असतो, तो पिनच्या रकान्यात टाकू नका. आणि २०२५ मध्ये आलेला डिजिपिन हा दहा अक्षरी संकेत जमिनीच्या साधारण चार मीटर बाय चार मीटर तुकड्याचा आहे. एकेकट्या घरांच्या पाड्यांना तो उपयोगी पडेल, पण त्याने पिनकोड बाद झालेला नाही. लिफाफ्यावर ‘जि. नंदुरबार’ पूर्ण लिहा आणि त्यापुढे पिन, धडगावचं पत्र असेल तर ४२५४१४.