घरगुती बनावटीची जुनी गवतकापणी यंत्रे : संग्रह आणि पारख

कारखान्यात न बनता घरामागच्या शेडमध्ये भंगारातून जुळवलेली गवतकापणी यंत्रे जमवणे आणि त्यांचा अस्सलपणा ठरवणे, हे जुन्या यंत्रांच्या संग्रहाचे एक छोटे पण मोठ्या चिकाटीचे अंग आहे.

एडविन बडिंग यांनी इंग्लंडमध्ये १८३० साली कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून पहिले गवतकापणी यंत्र तयार केले. त्याची पीळदार पाती अचूक घडवणे घरी जमण्यासारखे नव्हते. जमिनीला समांतर गरगरणाऱ्या साध्या सपाट पात्याच्या यंत्राने ही अडचण दूर केली. सिडनीच्या कॉन्कर्ड उपनगरात मर्विन व्हिक्टर रिचर्डसन यांनी १९५२ मध्ये गॅरेजात जे यंत्र जुळवले, त्यात व्हिलियर्स या ब्रिटिश कंपनीचे टू-स्ट्रोक इंजिन आडवे टाकले होते आणि पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळांचा पत्र्याचा डबा बसवला होता. पुढे प्रसिद्ध झालेल्या ‘व्हिक्टा’ यंत्रांचा उगम हाच. इंजिन आडवे केले की त्याचा दांडा उभा होतो आणि पाते थेट त्याला जोडता येते. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्यामुळे हे शक्य होते. मात्र कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, वळवून पुन्हा सरळ बसवावा लागतो, नाहीतर त्यातला तरंगता गोळा काम करत नाही. म्हणून जाणकार आधी कार्बोरेटर पाहतो, कारण तो आडवाच राहिला असेल, तर ते यंत्र त्या रूपात नीट चाललेले असणे कठीण.

अशा यंत्राला मूळ आराखडा किंवा कारखान्याची यादी नसते, त्यामुळे पुरावा यंत्राच्या अंगावरच शोधावा लागतो. व्हिलियर्सच्या इंजिनावर ठोकलेल्या क्रमांकाच्या आद्याक्षरांवरून त्याचा प्रकार कळतो. जुन्या ब्रिटिश बोल्टांच्या व्हिटवर्थ आट्यांच्या खाचेचा कोन ५५ अंशांचा, तर मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा असतो. पण एखादा मेट्रिक बोल्ट सापडला म्हणून यंत्र खोटे ठरवणे घाईचे होईल, कारण वापरातल्या वस्तूची दुरुस्ती होतच राहते. खरी शंका यावी ती झीज चुकीच्या जागी दिसल्यास: मूठ गुळगुळीत झालेली, पण चाकाच्या आसाचे भोक अजून नेमके गोल, किंवा बाहेर गंज असूनही पात्यावरच्या आच्छादनाच्या आत दगडाचा एकही पोचा नाही.

या आच्छादनाच्या आतल्या बाजूला वाळून चिकटलेला गवताचा काळसर थर हा सर्वांत बोलका पुरावा असतो, आणि विकण्यापूर्वी घासूनपुसून रंग देण्याच्या नादात नेमका तोच नष्ट केला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.