व्यायामाची मात्रा ठरवणारी माणसे

हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाने काही आठवडे अंथरुणातून उठायचे नाही, हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जवळपास सर्वमान्य नियम होता. कूस बदलायची तरी परिचारिकेच्या मदतीने. इजा झालेल्या हृदयावर जरा ताण आला तर ते फाटेल, अशी भीती त्यामागे होती. बोस्टनचे डॉक्टर सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी १९५२ साली वेगळा अनुभव मांडला. त्यांनी अशा रुग्णांना लवकरच खुर्चीत बसवायला सुरुवात केली होती आणि रुग्णांना त्याचा त्रास न होता फायदाच झाला होता. खुर्चीत बसणे हा काही व्यायाम नव्हे. पण विश्रांती निर्धोक असते या समजुतीला त्याने तडा दिला.

ती समजूत किती चुकीची होती, हे १९६६ साली डॅलसमध्ये मोजले गेले. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवण्यात आले. श्रमाच्या वेळी शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, ही त्यांची क्षमता एवढ्या काळात पाव हिश्श्याहून अधिक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीन दशकांच्या वाढत्या वयाने त्यांची जेवढी घट झाली होती, तिच्याहून त्या तीन आठवड्यांतली घट मोठी होती. त्यानंतर सहा महिने बेताबेताने वाढवलेला व्यायाम केल्यावर पन्नाशीतल्या या माणसांनी वयामुळे गमावलेली क्षमता परत मिळवली.

व्यायामाधारित पुनर्वसन हा व्यवसाय याच पायावर उभा आहे. फिजिओथेरपिस्ट, क्लिनिकल एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट, कायनेसिऑलॉजिस्ट अशी नावे देशोदेशी वेगळी आहेत आणि कामाच्या सीमाही थोड्या वेगळ्या आहेत. ऑस्ट्रेलियात २००६ पासून, डॉक्टरने पाठवलेल्या दीर्घकालीन आजाराच्या रुग्णाला एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टच्या उपचारासाठी सरकारी आरोग्ययोजनेतून मदत मिळते. काम मात्र सगळीकडे एकच: रुग्णाला कोणता व्यायाम, किती जोराने, किती वेळ आणि आठवड्यातून किती वेळा द्यायचा हे ठरवणे, आणि शरीर सरावले की ते प्रमाण वाढवणे. ‘जरा चालत जा’ हा सल्ला चांगला आहे, पण तो उपचार नव्हे. गोळीचे नाव सांगून मिलिग्रॅम न सांगण्यासारखेच ते आहे.

प्रमाण वाढवत नेण्याचे महत्त्व थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धात ओळखले. गुडघ्याला इजा झालेल्या सैनिकांकडून तोवर हलके वजन असंख्य वेळा उचलून घेत असत. डिलॉर्म स्वतः वजने उचलणारा माणूस. त्याने जड वजन मोजक्या वेळा उचलायला लावले आणि ताकद वाढेल तसे वजनही वाढवत नेले. १९४५ मध्ये त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली. पुनर्वसन कक्षांत आजही दहा-दहा आवर्तनांचे संच दिसतात, ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची असते, कारण मेंदू अधिक स्नायुतंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. स्नायू जाड व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. हे रुग्णाला आधीच सांगितले, तर ‘पाय तेवढाच दिसतोय’ म्हणून तो मध्येच सोडून देत नाही.

या व्यवसायातले खरे कौशल्य मला दोन आजारांत सर्वांत स्पष्ट दिसते. पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या की चालताना पोटरी दुखते आणि थांबले की दुखणे ओसरते. साहजिकच रुग्ण चालणे टाळतो. उपचार नेमका उलटा आहे: दुखणे बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालायचे, ते पूर्ण थांबेपर्यंत बसायचे, पुन्हा चालायचे. देखरेखीखाली आठवड्यातून तीनदा, किमान बारा आठवडे हे केले की न थांबता चालण्याचे अंतर वाढते. दुसरा आजार सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद होऊन कायमची धाप लावणारा फुप्फुसाचा दीर्घकालीन आजार. यात खराब झालेले फुप्फुस व्यायामाने सुधारत नाही. तरीही धाप कमी होते, कारण मांड्यांचे स्नायू सुधारतात, तेवढ्याच श्रमात कमी लॅक्टिक आम्ल तयार होते आणि श्वासावरची मागणी घटते. धाप लागते म्हणून हालचाल टाळायची, त्यामुळे स्नायू झिजतात आणि धाप आणखी वाढते. हे चक्र औषधाने पूर्ण तुटत नाही. ते पायांपासून तोडावे लागते.

व्यायाम कधी थांबवायचा, हेही याच माणसाने जाणायचे असते. श्रम वाढत असताना वरचा रक्तदाब वाढायला हवा. तो घसरू लागला तर तिथेच थांबायचे. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी औषधानेच मंदावलेली असते, म्हणून फक्त नाडीवर विसंबता येत नाही. तेव्हा स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ची मोजपट्टी कामी येते. श्रम किती जड वाटतात, हे रुग्ण स्वतः आकड्यात सांगतो. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर व्यायामानंतर काही तासांनीही उतरू शकते. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील, तर श्वास रोखून जड वजन उचलणे घातक ठरते. एकच तक्ता छापून सगळ्यांच्या हाती देणे म्हणूनच मला बेजबाबदारपणाचे वाटते.

एवढे असूनही हृदयपुनर्वसनाची गरज असलेले बरेच रुग्ण तिथवर पोहोचतच नाहीत. स्त्रियांना आणि वृद्धांना तर डॉक्टरही कमी वेळा पाठवतात. खरे म्हणजे स्नायू झिजलेल्या वृद्धांनाही या उपचाराचा मोठा लाभ होऊ शकतो. अंतर, नोकरी, सोबतीला कोणी नसणे ही कारणे खरी आहेत, आणि त्यांवर उत्तरही आहे. सुरुवातीची तपासणी केंद्रात करून पुढचा व्यायाम घरी करायचा आणि तज्ज्ञाने फोनवरून नियमित विचारपूस करून मात्रा वाढवायची, अशा कार्यक्रमांचे परिणाम कमी ते मध्यम धोक्याच्या रुग्णांत केंद्रातल्या कार्यक्रमांइतकेच चांगले आढळले आहेत. रुग्णालयातून घरी जाताना औषधांच्या यादीबरोबर अशा तज्ज्ञाकडे पाठवणारी चिठ्ठीही मिळायला हवी. ती मिळाली नाही, तर रुग्णाने किंवा घरच्यांनी ती मागून घ्यावी.