पाणी तर पूर्वीही तुंबायचं

आमच्या परळच्या इमारतीत अण्णा राहतात. उभा जन्म गिरणीत काढलेला माणूस. पावसाळ्यात जवळच्या हिंदमाता चौकात पहिलं पाणी साचलं, की गॅलरीच्या कठड्याला रेलून ते मला सुनावतात, "हे तुमचं हवामानबदल वगैरे शिकलेल्या लोकांनी काढलेलं खूळ आहे. मी शाळेत होतो तेव्हाही इथे गुडघाभर पाणी असायचं. चपला हातात घेऊन घरी यायचो आम्ही."

अण्णा खोटं बोलत नाहीत. मुंबई मुळात सात बेटांची. मधल्या खाड्या आणि खाजणं बुजवून इंग्रजांच्या काळात हे शहर सलग झालं, पण कितीतरी भाग सखलच राहिला. हिंदमाताचा परिसर बशीसारखा खोलगट आहे. चहूबाजूंनी उतरून आलेलं पाणी तिथे थांबणारच. म्हणून "पूर्वीही तुंबायचं" हे वाक्य कुणी म्हटलं की मी आधी होकार देतो आणि मग विचारतो, आता काय वेगळं आहे?

याचं उत्तर शोधताना 26 जुलै 2005चा दाखला सगळेच देतात. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच चोवीस तासांत, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात मात्र 75 मिलिमीटरही झाला नाही. एका ढगफुटीसारख्या दिवसावर बोट ठेवून "बघा, तापमानवाढ" म्हणणं मला पटत नाही. एक दिवस म्हणजे हवामानाचा कल नव्हे. कल कळायला पन्नास-साठ वर्षांच्या नोंदी लागतात, आणि तशा नोंदी आपल्याकडे आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 ते 2015 या काळातला पाऊस तपासला. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना या काळात तिपटीने वाढल्याचं त्यांना दिसलं. त्यांचं हे संशोधन 2017मध्ये प्रसिद्ध झालं. नवल म्हणजे याच पट्ट्यातला मोसमाचा एकूण पाऊस वाढला नाही, उलट घटला. पाऊस तेवढाच किंवा कमी, पण पडतो तेव्हा एकदम पडतो.

त्यामागचं भौतिकशास्त्र साधं आहे. हवा एका अंशाने तापली, की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते. आपल्या दाराशीच अरबी समुद्र आहे आणि तोही तापतो आहे. वाफेचा साठा मोठा झाला, की वारे जुळून येतील तेव्हा रिकामी होणारी घागरही मोठी.

अण्णांचा दुसरा प्रश्न याहून कठीण होता. "हवा तापते, मान्य. पण ती माणसाने तापवली कशावरून? हवामान काय, बदलतच असतं." हिमयुगं आली आणि गेली, तेव्हा कुठे मोटारी होत्या? बिनतोड वाटावा असा हा मुद्दा आहे, म्हणून त्याचं उत्तर सावकाश द्यायला हवं.

कार्बन डायऑक्साइड उष्णता धरून ठेवतो, हे काही हल्लीचं मत नाही. युनिस फूट या अमेरिकी बाईंनी 1856मध्ये काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यांत जास्त तापलं आणि थंड व्हायला वेळही खूप घेतला. पुढे 1896मध्ये स्वीडनच्या आऱ्हेनियसने हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल याची आकडेमोड केली. त्या वेळी मुंबईत ट्रामला घोडे जुंपलेले होते. हवेतलं त्याचं प्रमाण उद्योगयुगाआधी दहा लाख भागांत सुमारे 280 होतं. 1958मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते 315च्या घरात होतं, आज 420च्या पुढे गेलं आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे सांगतात, की उद्योगयुगापूर्वीच्या आठ लाख वर्षांत हा आकडा 300च्या वर कधी टिकला नव्हता.

आता हा जादाचा वायू आपलाच कशावरून? कार्बनची खूण पटवता येते. वनस्पती हवेतून कार्बन घेताना हलका कार्बन-12 जास्त घेतात, जड कार्बन-13 कमी. कोळसा आणि खनिज तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीव, तेव्हा त्यांच्यातही कार्बन-13 कमीच. शिवाय कार्बन-14 हा किरणोत्सारी प्रकार दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो, म्हणून कोळशात तो उरलेलाच नाही. हवेत जुना कोळसा जळून मिसळत असेल, तर हवेतल्या कार्बनमध्ये या दोन्ही प्रकारांचा वाटा घसरायला हवा. तो घसरलेला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यातच शास्त्रज्ञांनी झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून कार्बन-14ची घसरण मोजली होती. आणि सूर्यच जास्त तापत असता, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालची हवा तापते आहे आणि वरचा स्थितांबर थंड होतो आहे. उष्णता खालीच अडकते आहे, याची ही खूण मला सर्वांत पटते.

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं. पण मग मी काय करू? धूर अमेरिकेने सोडायचा, चीनने सोडायचा."

इथे मी अडखळलो, कारण त्यांच्या बोलण्यात न्याय होता. भारतातल्या माणसामागे वर्षाला कार्बन डायऑक्साइड निघतो सुमारे दोन टन, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त. पण आपल्या शहराकडून अशाच वाक्यांचा वापर हात झटकायला होताना मी पाहिला आहे. नाला तुंबला की "हवामानबदल हो, कुणाच्या हातात आहे?" आणि हवामानबदलाचा विषय निघाला की "छे, नाला साफ केला नाही म्हणून". दोन्ही कारणं खरी आहेत, पण ती आलटून पालटून वापरली, की कुणालाच काही करावं लागत नाही.

मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ओहोटीच्या वेळी तासाला 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेईल अशा बेताने बांधलेली होती. त्या हिशेबात एक गृहीत होतं, ते फार थोड्यांना ठाऊक असतं: पडणाऱ्या पावसातला निम्मा जमिनीत मुरेल. तेव्हा मुरतही असेल. अंगणं होती, वाड्या होत्या, तळी होती. आता भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक. 26 जुलैच्या आधीच, मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरच्या 1993च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता 50 मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस केली होती, आणि मुरण्याची आशा सोडून सगळं पाणी वाहूनच जाईल असं धरून. त्यात नाल्यांची कितीतरी मुखं भरतीच्या पातळीखाली आहेत. साडेचार मीटरची भरती असली, की पाण्याला बाहेर जायला दारच नाही. समुद्राची पातळी जगभर वर्षाला तीन-चार मिलिमीटरने चढते आहे, म्हणजे ते दार दरवर्षी थोडं जास्त वेळ बंद राहणार.

मिठी नदीची गोष्टही हीच. विहार आणि पवईच्या तलावांतून ओसंडणारं पाणी माहीमच्या खाडीपर्यंत नेणारी ही सुमारे अठरा किलोमीटरची नदी. तिच्या काठची तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, तोडून आपण भराव घातला, विमानतळाच्या धावपट्टीसाठी पात्र वळवलं, आणि 2005पर्यंत तिला नाला म्हणत राहिलो. तिवरांच्या मुळांच्या जाळ्यात लाटांचा जोर मोडतो, गाळ धरला जातो आणि कार्बनही चिखलात गाडला जातो. कोळीवाड्यातली माणसं हे शाळेत न जाता सांगतात, कारण त्या मुळांत मासळी वाढते. एकच झाड पूरही अडवतं आणि कार्बनही धरतं, तेव्हा स्थानिक काम कोणतं आणि जागतिक कोणतं, हा वाद मला निरर्थक वाटतो.

मी अण्णांना एक हिशेब करून दाखवला. आमच्या सोसायटीचा भूखंड हजार चौरस मीटरचा. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर त्यावर 50 हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे पाच टँकर. हे सगळं आम्ही एका तासात हिंदमाताच्या बशीकडे लोटतो. आणि मे महिन्यात तेवढेच टँकर पैसे देऊन मागवतो.

टँकरचा हिशेब त्यांना लगेच पटला. गिरणीतला माणूस, माल वाया गेलेला त्यांना बघवत नाही. पुढच्या सभेत त्यांनी स्वतः उठून विषय काढला. गच्चीवरचे पाइप गाळणीतून शोषखड्ड्यात सोडायचे ठरलं, आणि मागच्या भिंतीलगतची दोन मीटर रुंद पट्टी उकरून मोकळी करायचंही. पार्किंग कमी होईल म्हणून दोघांनी विरोध केला, त्यांचं म्हणणं अजून मिटलेलं नाही.

पेव्हर ब्लॉक काढले त्या दिवशी आम्ही दोघे खाली उभे होतो. ब्लॉकखाली बारीक खडी निघाली, तिच्याखाली सिमेंटचा जुना थर, आणि हातभर खणल्यावर काळी, ठणठणीत कोरडी माती. अण्णांनी वाकून तिचं एक ढेकूळ उचललं आणि मुठीत चुरून बघितलं. "इथे गुलबक्षी होती," ते म्हणाले. "आई लावायची."