शेपूट हलवतोय म्हणजे नेमकं काय सांगतोय?

गेल्या उन्हाळ्यात शहाद्याला माझ्या सात वर्षांच्या भाच्याला गल्लीतलंच कुत्रं चावलं. रोज ओट्याखाली झोपणारं, ओळखीचं. त्या दुपारी त्याच्यापुढे कळण्याच्या भाकरीचा तुकडा होता आणि पोरगं त्याच्या पाठीवर हात ठेवायला वाकलं होतं. शेजारच्या आजी म्हणाल्याही, "काही करत नही तो, शेपूट हलावस." शेपूट हलत होतं, हे खरंच. पण ते बुडापासून काठीसारखं ताठ, वर उचललेलं होतं. थरथरत होतं ते फक्त टोक. चघळणं थांबलं होतं, तोंड मिटलं होतं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसत होतं. मी हाक मारायच्या आत दात लागले. जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुतली, लसीचे सगळे डोस झाले, पोरगा बरा आहे. आजींचं ते वाक्य मात्र डोक्यातून जात नाही, कारण ते त्यांच्या एकट्यांचं नाही. आपण सगळेच असं म्हणत आलो आहोत.

याचं मूळ आपल्या भाषेतच सापडतं. खुशामतीला आपण 'लांगूलचालन' म्हणतो. लांगूल म्हणजे शेपूट. भर्तृहरीच्या नीतिशतकात श्लोक आहे: शेपूट हलवणं, पायाशी लोळणं, जमिनीवर पडून तोंड आणि पोट दाखवणं, हे कुत्रा घास देणाऱ्यापुढे करतो, हत्ती मात्र धीराने बघतो आणि शंभर विनवण्यांनंतर खातो. निरीक्षण किती बारीक आहे बघा. तिन्ही खुणा आजही कुठल्याही गल्लीत दिसतील. पण कवीला कुत्र्याबद्दल काही सांगायचं नव्हतं, लाचार माणसाबद्दल सांगायचं होतं. आपल्या वाक्प्रचारांचंही तेच झालं. शेपूट घातलं म्हणजे भित्रा, दात विचकले म्हणजे निर्लज्ज. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत कुत्र्याच्या हालचालींवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं, तेही शकुन सांगण्यासाठी. कुत्र्याला स्वतःला काय वाटतंय, हा प्रश्न यात कुठेच येत नाही. 'भुंकणारं कुत्रं चावत नाही' ही म्हण तर मला सरळ धोक्याची वाटते. घाबरलेलं कुत्रं भुंकतंही आणि चावतंही.

हे वाचण्याची दृष्टी आपल्याकडे नव्हती असं नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार बघा. जाणता गिऱ्हाईक घोड्याला हात लावायच्या आधी त्याचे कान कुठे वळलेत, पाय कसा टाकतो, डोळा कसा फिरतो ते लांबून बघून घेतो. तिथेच तापीकाठी एकमुखी दत्ताचं मंदिर आहे आणि दत्ताच्या तसबिरीत पायाशी बसलेली चार कुत्री म्हणजे चार वेद, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तरीही घोड्याची भाषा शिकली गेली आणि कुत्र्याची राहिली. घोड्याला लाखांत किंमत होती, कुत्रं फुकट होतं, एवढंच कारण मला दिसतं. मेंढपाळांचं वेगळं, त्यांचा जीव कुत्र्यावर असतो. साक्रीकडे पडीक शेतात बसलेल्या मेंढरांच्या एका वाड्यावर गेलो होतो, तेव्हा म्हाताऱ्या ठेलारी मेंढपाळाने मला कुत्र्यांकडे तोंड करून उभं राहू दिलं नाही. अंग एका बाजूला वळवायला लावलं, नजर खाली ठेवायला सांगितली, आणि म्हणाला, आधी मानेवरचे केस बघायचे, शेपूट मागाहून.

हेच शास्त्राच्या भाषेत पहिल्यांदा नीट मांडलं ते चार्ल्स डार्विनने, १८७२ साली, माणूस आणि प्राणी यांच्या भावनांवरच्या पुस्तकात. परका माणूस दिसला की कुत्रा ताठ चालतो, शेपूट उभं आणि कडक, कान पुढे, मानेवरचे केस उभे, नजर रोखलेली. आणि तो परका नसून मालकच आहे हे कळलं, की क्षणात सगळं उलटं: अंग खाली, वळवळणारं, कान मागे, केस सपाट, शेपूट खाली येऊन इकडून तिकडे हलतं. डार्विनचं म्हणणं असं की दुसऱ्या पवित्र्याला स्वतःचा वेगळा उपयोग नाही. तो पहिल्याच्या बरोबर विरुद्ध आहे, म्हणूनच त्याचा अर्थ कळतो. भर्तृहरीला जी लाचारी दिसली, तिथे डार्विनला 'मी भांडायला आलेलो नाही' हे दिसलं. आणि वाचायचं ते सबंध अंग. एकटं शेपूट काहीच सांगत नाही.

मधे एक वाकडी वाट आली, आणि तिने फार नुकसान केलं. १९४७ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवरून वर्चस्वाच्या झगड्याचं चित्र मांडलं. ते कुत्र्यांना चिकटलं आणि 'कुत्र्याला दाबात ठेवा, गुरगुरला की फटका द्या' असं शिकवणं सुरू झालं. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेच यांनी कॅनडाच्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा कळप कित्येक उन्हाळे पाहिला आणि १९९९ मध्ये लिहिलं की नैसर्गिक कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. तरी फटका राहिलाच. गुरगुरणं ही कुत्र्याची शेवटची विनंती असते. ती मारून बंद केली की पुढच्या वेळी तो न सांगता चावतो.

शेपटीवर पुन्हा बारकाईने काम झालं ते इटलीत, २००७ साली. तीस कुत्र्यांची चित्रफीत तपासली तेव्हा मालक दिसल्यावर शेपूट उजवीकडे जास्त झुकत होतं, अनोळखी दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. दोन्ही वेळा ते हलतच होतं. दोन वर्षांनी कुत्र्यांच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 'अपराधी चेहरा' तपासला. कान पाडणं, नजर चुकवणं हे कुत्र्याने चूक केली की नाही यावर ठरत नव्हतं, मालक रागावला की नाही यावर ठरत होतं. आपण ज्याला पश्चात्ताप समजतो ती भीती असते. उलट कुत्री आपल्याला किती वाचतात, हे कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं. कुणी काही न शिकवलेली रस्त्यावरची कुत्री जवळ आली, की बहुतेक वेळा माणसाने बोट दाखवलेल्या भांड्याकडेच जात. बरीचशी मात्र भीतीने जवळ आलीच नाहीत.

दिवाळीला पुन्हा शहाद्याला गेलो. तेच कुत्रं, तोच ओटा. मामेबहीण फराळाचं ताट घेऊन त्याच्याकडे निघाली, तर भाच्याने तिचा हात धरला. "थांब, त्याने तोंड मिटलंय." दोघं अंग एका बाजूला वळवून पायरीवर बसली. बऱ्याच वेळाने कुत्र्याने जबडा सैल सोडला, जीभ बाहेर आली, आणि कंबरेपासून सगळं अंग हलवत ते आपणहून त्यांच्याकडे आलं.