अँप्लिट्यूड मॉड्युलेशन (एएम)

अँप्लिट्यूड मॉड्युलेशन, ज्याला सगळे नुसतं एएम म्हणतात, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीच्या एका लहरीची उंची आपल्या आवाजाप्रमाणे कमीजास्त करायची आणि ती लहर हवेत सोडायची. या लहरीला कॅरियर म्हणतात. तिची फ्रिक्वेन्सी तीच राहते, बदलते फक्त उंची.

आवाज डायरेक्ट अँटेनाला का देत नाहीत हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. १ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी ३०० किलोमीटर भरते, म्हणजे पाव लांबीचा अँटेना उभारायचा तरी ७५ किलोमीटर पाहिजे, आणि तेच आकाशवाणी मुंबईचं १०४४ किलोहर्ट्झ घेतलं तर साधारण ७२ मीटरचा टॉवर पुरतो. शिवाय सगळ्यांचा आवाज एकाच पट्ट्यात असतो, वेगवेगळे कॅरियर नसतील तर सगळी स्टेशनं एकमेकांत मिसळतील.

आता पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झवर १ किलोहर्ट्झचा टोन चढवला असं धरा. हवेत ७९१, ७९२ आणि ७९३ अशा तीन फ्रिक्वेन्सी जातात, मधली कॅरियर आणि आजूबाजूच्या दोन साइडबँड. आवाज फक्त साइडबँडमध्येच असतो. त्यामुळे बँडविड्थ, म्हणजे स्टेशनने व्यापलेला फ्रिक्वेन्सीचा पट्टा, आवाजाच्या सगळ्यात मोठ्या फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट लागते, आणि आपल्याकडे मिडियम वेव्हवर स्टेशनं ९-९ किलोहर्ट्झच्या अंतराने असल्यामुळे रेडिओतल्या आयएफटी (हवं तेच स्टेशन पुढे जाऊ देणारे छोटे ट्रान्सफॉर्मर) आवाजाच्या वरच्या फ्रिक्वेन्सी कापूनच टाकतात. एएमवरचं गाणं थोडं दबलेलं वाटतं ते यामुळे.

आवाजाची उंची भागिले कॅरियरची उंची म्हणजे मॉड्युलेशन इंडेक्स. तो १ झाला की १०० टक्के मॉड्युलेशन. १० किलोवॉटचा कॅरियर असेल तर तेव्हा एकूण पॉवर १५ किलोवॉट होते, आणि त्यातले दोन्ही साइडबँड मिळून फक्त ५. बाकीचे १० आवाजाचं काहीच नेत नाहीत. इंडेक्स १ च्या वर गेला तर लहर मध्येच शून्यावर चिकटते, आवाज फाटतो आणि शेजारच्या स्टेशनलाही त्रास होतो.

मग एवढी पॉवर का जाळायची? तर रेडिओ स्वस्त व्हावा म्हणून. ट्रान्समीटर एक असतो आणि रेडिओ लाखो घरांत, आणि कॅरियर सोबत असल्यामुळे घरातल्या सेटला आवाज सोडवून घ्यायला एक डायोड, एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर एवढंच लागतं. या सर्किटला डिटेक्टर म्हणतात, आणि मला या सगळ्या विषयात हेच सगळ्यात सुंदर वाटतं. डायोड लहरीचा अर्धा भाग कापतो, कपॅसिटर प्रत्येक शिखराला चार्ज होतो आणि पुढचं शिखर येईपर्यंत रेझिस्टरमधून हळूहळू रिकामा होतो, म्हणजे तो शिखरांवरून हात फिरवत जातो आणि तो उंचसखलपणा म्हणजेच आपला आवाज. जुन्या सेटमध्ये इथे ओए७९ सारखा जर्मेनियम डायोड असायचा, कारण तो पाव व्होल्टच्या आसपास चालू होतो, सिलिकॉनला ०.७ लागतात आणि लांबचं स्टेशन तिथेच मरतं.

व्हॅल्यू मात्र नीट निवडायला लागते. १० के (किलोओहम) चा रेझिस्टर आणि ०.००५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर गुणाकार ५० मायक्रोसेकंद येतो, कपॅसिटर किती हळू रिकामा होतो त्याचं हे माप; ४५५ किलोहर्ट्झच्या आयएफचं (रेडिओ आत प्रत्येक स्टेशन ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणतो ती) एक आवर्तन २.२ मायक्रोसेकंदाचं, त्यामुळे कॅरियर पुसला जातो आणि बोलणं शाबूत राहतं. घाईत तिथे पॉइंट वन (०.१ मायक्रोफॅरड) चा कपॅसिटर लावला की गुणाकार १००० मायक्रोसेकंद होतो, कपॅसिटर आवाजाच्या उताराबरोबर खाली उतरूच शकत नाही आणि आवाज घोगरा, फाटका येतो. याला डायगोनल क्लिपिंग म्हणतात. नवशिके इथे स्पीकर बदलत बसतात, दोष डिटेक्टरमध्ये असतो.

कॅरियर आणि एक साइडबँड काढून टाकला की एसएसबी (सिंगल साइडबँड), हॅम लोक, म्हणजे हौशी रेडिओवाले, शॉर्ट वेव्हवर तेच वापरतात. पॉवर वाचते पण साध्या रेडिओवर ते बदकासारखं ऐकू येतं, कारण रिसीव्हरमध्ये कॅरियर परत मिसळावा लागतो.

कॅनडात जन्मलेल्या रेजिनाल्ड फेसेंडेनने २३ डिसेंबर १९०० ला अमेरिकेत बिनतारी आवाज साधारण दीड किलोमीटर पाठवला, एएमची सुरुवात तिथून धरतात. कमजोरी म्हणजे वीज कडाडली, शेजारी मोटर चालू झाली की खरखर, कारण तीही उंचीच बदलते. तरी विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर अजून एएमवरच चालतं. एफएममध्ये जोरदार सिग्नल दुसऱ्याला पूर्ण दाबून टाकतो, एएममध्ये दोन पायलट एकदम बोलले तर शिट्टी ऐकू येते आणि विमानतळाच्या कंट्रोल टॉवरला कळतं की आणखी कोणीतरी बोलतंय.